एकोणपन्नास गोण्यांची पट्टी

पिशवी लुगड्याच्या तुकड्याची होती. हाताने शिवलेली, वर नाडी ओवलेली. वाशीच्या बाजार आवारासमोरच्या बसथांब्यावर, बाकड्याच्या पायाशी पडली होती. २०२५ चा जून, दुपारचे साडेचार, नुकती सर येऊन गेलेली. मी घणसोलीच्या बसची वाट बघत होतो. बाकड्यावर कुणी नव्हतं. पाण्यात भिजू नये म्हणून मी ती उचलली, एवढं मला पक्कं आठवतं. नाडी सैल केली आणि आत पाचशेच्या नोटा दिसल्या.

पाच-दहा मिनिटं तिथेच उभा राहिलो. दोन बस सोडल्या. पानाच्या टपरीवाल्याला विचारलं, इथे कोण बसलं होतं? तो म्हणाला, दिवसभरात हजार माणसं बसतात. मग पिशवी डब्याच्या पिशवीत टाकली आणि घरी आलो. आज मागे वळून बघताना वाटतं की तेव्हाच, त्याच पावली पोलीस ठाण्यात जायला हवं होतं. गेलो नाही. का नाही गेलो, त्याचंही खरं उत्तर देतो.

कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका आडतीवर, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या पेढीवर, मी दिवाणजी आहे. पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे कागद, लिहिणं, हिशेब मांडणं, शेतकऱ्याच्या हातात रोकड मोजून देणं, हे माझं काम. लेक दहावी झाली होती आणि तिच्या क्लासचा पहिला हप्ता शनिवारपर्यंत भरायचा होता. पस्तीस हजार. त्यातले बारा जमले होते. बाकीचे कुणाकडे मागायचे, याचा हिशेब मी थांब्यावर उभा राहूनच करत होतो.

घरी दार लावून नोटा मोजल्या. पाचशेच्या एकाहत्तर, शंभराच्या दोन, विसाच्या दोन, दहाची एक. पस्तीस हजार सातशे पन्नास.

बायको काही बोलली नाही. मीही बोललो नाही. दोघांच्याही मनात एकच आकडा होता, हे दोघांनाही कळत होतं. शेवटी ती म्हणाली, "अहो, आत कागद आहे की."

कागद होता. नोटांभोवती गुंडाळलेला, रबर लावलेला, एका कडेने ओला. गुलाबी, कार्बनचा. मी उलगडला आणि पोटात कसंतरी झालं, कारण असे कागद मी रोज लिहितो. ती कांद्याची पट्टी होती. वरचा भाग फाडलेला होता, म्हणजे आडतीचं नाव, गाळा नंबर, तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, सगळं गेलेलं. खाली फक्त हिशेब उरला होता. गोळा, म्हणजे मोठा कांदा, ३४ गोण्या, १,८६२ किलो, भाव १७. गोल्टी, म्हणजे बारीक, ११ गोण्या, ५९८ किलो, भाव ११. बदला, म्हणजे हलका माल, ४ गोण्या, २१४ किलो, भाव ६. एकूण ३९,५१६. वजा गाडीभाडं २,९४०, हमाली-तोलाई-वाराई मिळून ७३६. निव्वळ ३५,८४०.

पट्टीपेक्षा पिशवीत नव्वद रुपये कमी होते.

जेवण गेलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटण तालुक्यातून येऊन बत्तीस वर्षं ह्याच बाजारात माथाडी होते. पाठीवर गोणी घेऊन वाढवलं त्यांनी आम्हाला. त्यांनी कागद दुरून बघितला आणि एवढंच म्हणाले, "उद्या देऊन टाक. ठेवलंस तर चोरी." मला राग आला. मी म्हणालो, अण्णा, मी कुणाच्या खिशात हात घातला नाही. रस्त्यावर पडलेलं उचललंय. त्याला चोरी कशी म्हणता? ते म्हणाले, "उचलण्याला कोण चोरी म्हणतंय? ठेवण्याला म्हणतोय."

हा वाद माझ्या मनातून जाईना. आमच्याच इमारतीत बेलापूर कोर्टात वकिली करणारे एक गृहस्थ राहतात. रात्री नऊला त्यांच्याकडे गेलो. "एका ओळखीच्या माणसाला पैसे सापडले" असं सांगायचं ठरवून गेलो होतो, पण दारातच खरं बोललो.

त्यांनी जे समजावलं ते तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं. कायद्याच्या भाषेत मी म्हणत होतो ते बरोबर होतं, चोरी ती नव्हे. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीवाचून, लबाडीने हलवणं. हरवलेल्या वस्तूला मालक असतो, पण त्या घडीला ती कुणाच्या ताब्यात नसते. म्हणून तिच्यासाठी वेगळं कलम आहे, अप्रामाणिक अपहाराचं. जुन्या भारतीय दंड संहितेत ते ४०३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१४ झालं. मालकाला परत देण्यासाठी, सांभाळण्यासाठी उचललं, तर गुन्हा नाही. पण मालक कोण हे माहीत असताना, किंवा शोधायचं साधन हाताशी असताना ते आपल्या वापरात आणलं, तर गुन्हा. मालक माहीत नसला तरी वाजवी प्रयत्न करून शोधायचं, कळवायचं, त्याला येऊन मागता यावं इतका वाजवी काळ थांबायचं. त्याआधी खर्च केलं, तरी गुन्हा.

त्यांनी पुस्तक काढून कलमाखालची उदाहरणंही वाचून दाखवली. हमरस्त्यावर एकाला रुपया सापडतो, कुणाचा ते त्याला माहीत नाही, तो उचलतो. गुन्हा नाही. दुसऱ्याला पत्र सापडतं, आत नोट असते. पत्त्यावरून आणि मजकुरावरून नोट कुणाची ते त्याला कळतं, तरी तो ठेवून घेतो. गुन्हा. तिसऱ्याला मौल्यवान अंगठी सापडते, मालक शोधायचा प्रयत्नही न करता तो ती लगेच विकतो. गुन्हा. ही उदाहरणं जुन्या दंड संहितेपासूनची. तिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केला आणि कायदा झाला १८६० मध्ये. तेव्हाचा रुपया चांदीचा होता, तोळाभर वजनाचा, ११.६६ ग्रॅम. आज रस्त्यावरच्या एक रुपयासाठी लोक वाकतही नाहीत, तसा तो रुपया नव्हता. तरीही कायदा उचलणाऱ्याला गुन्हेगार म्हणाला नाही. हे मला फार समजूतदार वाटलं.

पण पत्राचं उदाहरण ऐकताना माझं लक्ष खिशातल्या गुलाबी कागदाकडे होतं. मी विचारलं, "ह्यावर नाव नाही. मग साधन हाताशी आहे असं म्हणता येईल?"

ते म्हणाले, "मला हा कागद दिलात तर मला तो वाचताच येणार नाही. गोल्टी म्हणजे काय, बदला म्हणजे काय, मला कुठे माहीत? पण तुम्हाला?"

त्या एका प्रश्नाने माझी रात्र गेली. हाच कागद रिक्षावाल्याला सापडला असता, कॉलेजच्या पोराला सापडला असता, तर तो मुका होता. माझ्याशी तो बोलत होता. हे पैसे कुठल्या बाजारातले, कशाचे, किती मेहनतीचे, हे मला दिसत होतं. त्या माणसाचा सगळा माल चांगला निघाला नाही, अकरा गोण्या गोल्टी निघाली, चार गोण्या बदला सहा रुपयांनी गेल्या, हेसुद्धा मला कळत होतं. एकाच रकमेसाठी दोन माणसांवरचं ओझं सारखं नसतं. ज्याला जास्त कळतं त्याच्यावर ते जास्त असतं, आणि हे मला त्या रात्री अजिबात आवडलं नाही.

नोटा कपाटात, साड्यांखाली होत्या. मी दोनदा उठून बघून आलो. थांब्यावर मी कुठलाही गुन्हा केला नव्हता, ह्याबद्दल आजही माझी खात्री आहे. गुन्हा घडायचाच असता, तर त्या कपाटाशी घडला असता. शुक्रवारी क्लासचे पैसे भरताना.

सकाळी बायको म्हणाली, "हप्त्यासाठी माझ्या पाटल्या ठेवू. हे आधी घेऊन जा."

पोलीस ठाण्यात सव्वा तास लागला. हवालदारांनी आधी विचारलं, "काल का नाही आलात?" मी म्हणालो, "मन झालं नाही." त्यांनी वर बघितलं, पुढे काही विचारलं नाही. दोन पंच बोलावले आणि पंचनामा केला. पाचशेच्या एकाहत्तर नोटांचे एकाहत्तर नंबर एकेक करून लिहिले. पिशवीचं वर्णन, कागदाचं वर्णन, सापडल्याची जागा आणि वेळ. मला पोच दिली. कागदाचा फोटो ठेवू का म्हणून विचारलं तर ठेवा म्हणाले, पण आकडे कुणाला दाखवू नका. कुणी मागायला आलं नाही तर जाहीरनामा निघतो, सहा महिने वाट बघतात, मग सरकारजमा. पैसे हरवल्याची कुणाची तक्रार आली आहे का, तेही त्यांनी वहीत बघितलं. नव्हती.

बाहेर आलो तेव्हा मोकळं वाटलं. आता माझं काम संपलं असं वाटलं. ते वाटणं दोन दिवस टिकलं.

गाळ्यावर सगळ्यांना कळलंच होतं. शेजारच्या गाळ्यावरचा एक जण म्हणाला, "तक्रार नाही ना? म्हणजे ज्याचे गेले त्याला फरक पडत नाही. सरकारला देण्यापेक्षा पोरीला शिकव की." हाच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, म्हणून तो जास्त लागला. ज्याचा पैसा हरवतो तो शोधत येईल, आला नाही तर त्याने सोडून दिला, असं आपण धरून चालतो. त्याच माणसाच्या खात्यात मागे कुणाचे तरी चार हजार चुकून आले होते. त्यावर त्याचं म्हणणं, नंबर चुकीचा दाबला तो त्याने, मी काय केलं? चुकून आलेले पैसे परत करावेच लागतात, हे १८७२ च्या करार कायद्याच्या ७२ व्या कलमात आहे. मी ते त्याला सांगितलं. तो हसला. माझं त्याच्याशी बोलणं थोडं कमी झालं आहे.

पट्टीवरून मालक शोधणं दिसतं तितकं सोपं नव्हतं. गुलाबी प्रत कितीतरी आडतींवर देतात. ओळखीच्या दिवाणजींना विचारलं, तर त्यांचं म्हणणं, पार्टीचा हिशेब बाहेर कसा सांगू? त्यांच्या जागी मीही सांगितला नसता. मी आकडे उघड करू शकत नव्हतो आणि आकड्यांशिवाय त्यांना शोधता येत नव्हतं. शेवटी आवारात फळ्यावर चिठ्ठी लावली: बसथांब्यावर काही रक्कम सापडली आहे, किती होती व कशात होती हे सांगून पोलीस ठाण्यातून घ्यावी. खाली माझा नंबर.

दोन जण आले. पहिल्याने काळं पाकीट सांगितलं, मी नाही म्हटल्यावर तपकिरी सांगितलं. दुसरे एक वयस्कर भाजीविक्रेते. त्यांचे पन्नास हजार दोन महिन्यांपूर्वी रिक्षात राहिले होते. थांबा वेगळा, रक्कम वेगळी, सगळंच वेगळं. त्यांनाही ते कळत होतं. "बघून यावं म्हटलं," एवढंच म्हणाले आणि माझ्या गाळ्यावर बसून चहा प्यायले. ते गेल्यावर बराच वेळ मला लिहिता आलं नाही.

सहाव्या दिवशी अण्णांनी फोटो मागितला. चष्मा लावून बघत राहिले. मी सगळं लक्ष नावाच्या फाटक्या जागेवर दिलं होतं. ते म्हणाले, "भाडं बघ ना. गोण्या किती?"

"एकोणपन्नास."

"भाडं दोन हजार नऊशे चाळीस. गोणीला साठ. साठ रुपयांत आता कुठून माल येतो?"

मी खरंच तोंडात मारल्यासारखा बसलो. भाडं रोज माझ्या हातून लिहिलं जातं. सोलापूरकडचं भाडं वेगळं, नाशिककडचं वेगळं. आमच्या आडतीवर साठाच्या आसपास पडतं ते जुन्नर, आंबेगाव, खेडकडून येणाऱ्या टेम्पोंचं. अण्णा पुढे म्हणाले, "आणि तो माणूस माघारी गाडीत बसला नाही. गाडीत बसला असता तर थांब्यावर कशाला गेला असता?"

त्या भागातले शेतकरी बहुतेक चार-पाच जण मिळून टेम्पो करतात. माल रात्री उतरतो, सकाळी विकतो, पट्टी घेऊन त्याच गाडीने माघारी. पट्टी झाल्यावर जो मागे राहिला, तो ड्रायव्हरच्या लक्षात राहणार.

सातव्या आणि आठव्या रात्री मी बारानंतर आवारात जाऊन उभा राहिलो. पाऊस होता. टेम्पो आले की ड्रायव्हरला विचारायचं, गेल्या मंगळवारी कुणी शेतकरी इथेच राहिला का? अण्णाही आले, मी नको म्हणत असताना. त्यांना ओळखणारे हमाल अजून आहेत, त्यांनीच पुढच्या गाड्यांना निरोप दिला. आठव्या रात्री तीनच्या सुमाराला आंबेगावकडचा एक ड्रायव्हर म्हणाला, "व्हय, एक बाबा राहिले. लेक ऐरोलीला दिलीय, बाळंत झाली म्हणून गेले. बराखीत साठवलेला कांदा होता त्यांचा." नंबर त्याच्याकडे होता.

सकाळी फोन लावला. मी काहीच सांगितलं नाही, एवढंच विचारलं, बाबा, वाशीला तुमचं काही राहिलं का? पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कट झाला असं वाटलं. मग आवाज आला, "लुगड्याची पिशवी?"

दुसऱ्या दिवशी ते आले. साठीच्या पुढचे, टोपी, हातात आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत. हवालदारांनी विचारायचं ते विचारलं. रक्कम किती? त्यांनी पट्टीचा आकडा बरोबर सांगितला आणि लगेच म्हणाले, "पन नव्वद कमी असतील. सत्तरचं जेवलो, दोनदा चहा घेतला." पट्टीचा वरचा तुकडा कुठे, म्हटल्यावर शर्टाच्या खिशातून काढला. त्याच्या मागे पेनाने लेकीचा पत्ता लिहिला होता, ऐरोलीचं सेक्टर आणि इमारत. रिक्षावाल्याला दाखवायला सोपा जावा म्हणून दिवाणजीनेच तो लिहून फाडून दिला होता. हवालदारांनी दोन्ही तुकडे टेबलावर जुळवले. आडतीवरून दुसरी प्रत आणायचं ठरलं होतं, तिची गरज पडली नाही, पण नियम म्हणून ती आणलीच. त्यात दुपार गेली. जबाब, सह्या, अंगठा नको सही करतो म्हणाले, सावकाश सही केली.

मी विचारलं, "बाबा, तक्रार का नाही केली?"

"कुनाला करायची? सापडल्यालं कोन देतंय?" मग खाली बघत म्हणाले, "घरी सांगितलं, आडत्यानं पैसं दिलं न्हाईत, पुढच्या खेपंला देनार."

म्हणजे नऊ दिवस त्या पैशाला शोधणारं कुणीच नव्हतं. शेजारच्या गाळ्यावरचा तो माणूस बरोबर बोलला होता, तक्रार नव्हती. त्याने काढलेला अर्थ तेवढा चुकला होता.

वकिलांना मी नंतर शिक्षेचं विचारलं, तेव्हा एक गोष्ट कळली आणि ती मला पटलेली नाही. जुन्या ४०३ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, असं होतं. न्यायाधीशाला नुसता दंड करायची मोकळीक होती. नव्या ३१४ मध्ये कैद किमान सहा महिने आणि वर दंड. उलट चोरीच्या ३०३ मध्ये, माल पाच हजारांच्या आतला असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. खिशातून हजार काढणाऱ्याला तुरुंग टळू शकतो आणि थांब्यावर सापडलेले हजार खर्चणाऱ्यासाठी त्याच्या कलमात तशी सोय नाही. ठेवून घेणं गुन्हा असावा, ह्यात मला आता शंका नाही. पण कपाटासमोर एक रात्र काढलेला माणूस म्हणून सांगतो, परत येऊन पैसे टेबलावर ठेवणाऱ्यासाठी दार चोरापेक्षा अरुंद असू नये.

बाबांनी हजार रुपये पुढे केले. करार कायद्याच्या १६८ व्या कलमात सापडवणाऱ्याचा हक्क लिहिलेला आहे. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागता येतं. आपणहून घेतलेल्या श्रमांसाठी दावा करता येत नाही. मला दोन्ही नको होतं. मी त्यांना म्हणालो, नातवंडासाठी काहीतरी घ्या. मुलगी झाली होती.

थांब्यावर सोडायला गेलो. पिशवी आता शर्टाच्या आत, बनियनला पिन लावलेली होती. बस यायची होती. त्यांनी फोन काढला, घरी लावला. मला वाटलं आता सगळं सांगतील.

"हां, मिळालं पैसं," ते म्हणाले. "आडत्यानं आज दिलं. समदं दिलं."